एकेचाळीस वर्षांच्या बायका

"पोरगी हुशार हाय. कॉम्प्युटरचं सगलं येतं तिला. फक्त विचारता येत नाय."

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे मामा आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला सांगत होते.

"काय विचारता येत नाही?" ड्रायव्हरने विचारलं.

"कायपन. पिन्याचं पानी कुठं हाय ते पन विचारलं नाय. आठवडाभर घरून बाटली आनली तिनं."

हे खरं होतं. मी कीबोर्डवरची बोटं उचलून धरली, टाइप करण्याचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. मग लक्षात आलं, मी अलीकडे बसले आहे हे मामांना पक्कं माहीत आहे. ते कोणाच्या पाठीमागे बोलत नसत. तोंडावरही बोलत नसत. थोडं बाजूला उभं राहून बोलत, म्हणजे आपल्याला ऐकू तर यावं, पण उत्तर देता येऊ नये. मला त्यांचा फार राग यायचा. आता ते निवृत्त होऊन वर्ष होईल, तरी थोडा येतोच.

आमची संस्था म्हणजे जुन्या पनवेलात, तळ्यामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही गावोगाव जाऊन सर्वेक्षणं करतो. कोणाची जमीन गेली, कोणाची मासेमारी बसली, त्या घरात आता कोण काय करतं. मामा या कामात केस पांढरे होईपर्यंत होते. उरणकडच्या एका गावातले, वडील मिठागरावर कामाला. अंगात कायम पांढरा शर्ट आणि खिशात तीन पेनं. निळं पेन उत्तरासाठी, लाल चुकीसाठी आणि हिरवं शंकेसाठी. त्यांनी भरलेला फॉर्म हातात घेतला की निळ्यापेक्षा हिरवंच जास्त दिसायचं. "दोन एकर बोलला, पन बायको हसली," असं हिरव्यात समासात लिहिलेलं. तो फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे असायचं. बायको हसली हे कुठल्या रकान्यात टाकायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

सगळे त्यांना मामा म्हणत. मी काहीच म्हणत नसे. सर म्हणावं तर ते सर नव्हते आणि मामा म्हणण्याइतकी ओळख माझ्या जिभेला होत नव्हती. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथे सगळे एक तर सर नाही तर मिस. त्यामुळे मी वाक्यंच अशी जुळवायचे की हाक मारावी लागू नये. बहुतेक वेळा तर मी मेसेजच करायचे. ते माझ्यापासून सहा फुटांवर बसत.

"आला तुझा मेसेज," ते सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणत. "मागच्या सालची फाइल कुठं हाय, विचारते. कपाटात हाय, बाय. खालच्या खनात."

त्यांनी एकदाही मेसेजला मेसेजने उत्तर दिलं नाही.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात मॅडमनी मला मामांबरोबर एका गावात पाठवलं. मॅडम म्हणजे आमच्या संचालिका. संस्था त्यांनीच काढलेली, आणि त्यांना प्रत्येक गोष्ट सोमवारपर्यंत हवी असते. एका घरापाशी मामा मुद्दाम मागे राहिले आणि मला हाताने खूण केली, जा पुढे. ओटीवर एक बाई कोळंबी सोलत बसल्या होत्या.

"काय पायजे?" त्यांनी विचारलं.

एम.ए.ला मी मुलाखतीचं शास्त्र शिकले होते. खुले प्रश्न, बंद प्रश्न, विचारणाऱ्याचा उत्तरावर होणारा परिणाम. मी म्हणाले, "आम्ही एक अभ्यास करत आहोत."

"करा," त्या म्हणाल्या आणि कोळंबी सोलू लागल्या.

मी तिथेच उभी राहिले. त्यांनी साधारण पंधरा कोळंब्या सोलल्या असतील. शेवटी मामा पुढे आले, कोळंबी डोलीच्या जाळ्यातली की बाजारातली एवढंच विचारलं आणि ओटीवर टेकले. दहा मिनिटांत त्या घरातलं कोण कुठल्या यार्डात कंटेनर मोजायला जातं, कोणाच्या मशेरीवरून कोणाचं भांडण झालं, सगळं बाहेर आलं. परतताना ते गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्याच आठवड्यात मी मॅडमना मेसेज केला की मला डेटा सायन्सचा ऑनलाइन कोर्स करायचा आहे. चार महिन्यांचा, खास समाजशास्त्राच्या लोकांसाठी, शेवटी सर्टिफिकेट. माझा विचार सरळ होता. प्रश्न इतरांनी विचारावेत, मी आलेल्या उत्तरांचं बघीन. उत्तरं 'करा' म्हणून मान खाली घालत नाहीत.

मॅडमना कल्पना इतकी आवडली की त्यांनी संस्थेतून फी भरली. आणि मग म्हणाल्या, "एकाच लॉगिनमध्ये मामांनाही बसव. फील्ड आणि डेटा एकत्र यायला पाहिजेत."

एकाच लॉगिनमध्ये. माझ्या नावाच्या.

दुपारी जेवण झालं की मामा आपली खुर्ची ओढत माझ्या टेबलापाशी येत. आवाज मोठा ठेवायला लावत. कोर्स शिकवणारा परदेशी मनुष्य चौकड्यांच्या शर्टात यायचा आणि म्हणायचा, आता व्हिडिओ थांबवा आणि स्वतः करून बघा. "थांबवला, बाबा," मामा त्याला सांगत आणि स्पेसबारवर पूर्ण पंजा मारत. मग खिशातून चष्मा काढून लाँगबुक उघडत. स्क्रीनवरचा कोड ते वहीत उतरवून घेत. निळ्या पेनाने, ओळीखाली पट्टीने रेघ मारून. कंस उघडला की कंस मिटेपर्यंत श्वास धरून.

"कोड वहीत चालत नाही," मी एकदा म्हणाले. तोंडाने म्हणाले, इतकी वैतागले होते.

"चालू नको दे. मला बघायचाय. तुझ्या स्क्रीनवरची चूक पुसली का गेली. वहीतली दिसते."

धड्याच्या शेवटी चाचणी असायची. चार पर्याय, तीन संधी. मामांना चारपैकी एक निवडणं जमत नसे. "तिसरं बरोबर हाय, पन पयल्यात पन काहीतरी हाय," असं म्हणत ते मी थांबवायच्या आत पहिल्यावर बोट ठेवत. लाल फुली यायची. माझ्या नावापुढे. शाळेत मला कधी लाल फुली मिळाली नव्हती. म्हणून मी घरी जाऊन धडे आधी बघायला आणि चाचण्या उरकून टाकायला लागले. दुसऱ्या दिवशी मामा खुर्ची ओढून बसले की हिरवी टिक बघून म्हणत, "झालं पन? आमाला न घेता जेवलीस?"

पण खरा त्रास झाला तो जहाजाच्या धड्याला. हे असे कोर्स शिकवायला ठरावीक फायली वापरतात. फुलांच्या पाकळ्यांची मापं, कुठल्यातरी परक्या शहरातल्या घरांच्या किमती, आणि एका बुडालेल्या जहाजावरच्या प्रवाशांची यादी. कोण वाचलं, कोण नाही. त्या यादीत बऱ्याच प्रवाशांचं वय रिकामं आहे. धडा होता रिकामे रकाने कसे भरायचे याचा. चौकड्यांच्या शर्टवाला म्हणाला, ज्यांची वयं माहीत आहेत ती सगळी रांगेत लावा, त्यातलं मधलं वय घ्या आणि रिकाम्या जागी भरा. एका ओळीचं काम. त्याने ती ओळ लिहिली आणि सगळे रकाने भरले.

मामांनी पंजा मारून व्हिडिओ थांबवला.

"हे खरे मानूस होते का?"

मी मान डोलावली.

"बुडाले?"

"हो."

"आनि यानं त्यांना वय लावून टाकलं."

मी सांगितलं की हे फक्त शिकण्यासाठी आहे, आणि रकाना रिकामा राहिला तर पुढची गणितं अडतात. ते ऐकत होते की नाही कळलं नाही. त्यांच्या गावातून लोक खोल समुद्रात जातात. मग म्हणाले, "यांच्या घरच्यांना कोनी विचारलं नाय?"

"शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे."

"तेव्हा विचारायचं होतं."

मी पाणी भरायला गेले तेवढ्यात त्यांनी कोर्सच्या चर्चेच्या पानावर, एका बोटाने, मोडक्या इंग्रजीत हाच प्रश्न टाइप करून टाकला. माझ्या नावाने. संध्याकाळपर्यंत त्याखाली दोन उत्तरं होती. एक हसणारा चेहरा, आणि कोणा सज्जनाने मला सरासरी म्हणजे काय हे लहान मुलाला समजावं तसं समजावून सांगितलेलं. माझे कान तापले. मी सगळं काढून टाकलं.

"उत्तर आलं का?" दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

ते त्या धड्यानंतर फारसे बसले नाहीत. वहीत मात्र ती वय भरायची ओळ उतरवलेली होती, आणि तिच्यापुढे हिरव्या पेनाने एक गोल. सर्टिफिकेट आलं तेव्हा मॅडमनी ते छापून भिंतीवर लावलं. मामा त्याच्यापुढे उभे राहून बराच वेळ वाचत होते. "यात माझं अर्धं हाय," ते ड्रायव्हरला म्हणाले. थोडं बाजूला उभं राहून.

त्यानंतर आमच्याकडे खाडीकाठच्या बायकांचं सर्वेक्षण आलं. या बायका ओहोटीला चिखलात उतरून निवट्या मासे पकडतात, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे काढतात, खडकावरची कालवं फोडतात. गुडघे जातात, कालवांच्या शिंपल्यांनी तळपाय फाटतात, वर मिठाचं पाणी. एक संस्था फिरता दवाखाना द्यायला तयार होती. महिन्यातून दोनदा गाडी गावात येणार, डॉक्टरसकट. पण गाडी एकच, म्हणून ती सगळ्या गावांना मिळणार नव्हती. ज्या गावांत साठीच्या पुढच्या बायका अजून चिखलात उतरतात, त्यांना आधी. अशी गावं कोणती, हे आमच्या अहवालावरून ठरणार होतं.

या वेळी कागदाचे फॉर्म बंद झाले. मॅडमनी टॅबलेट आणले आणि त्यावरचा फॉर्म मी तयार केला. वयाच्या चौकोनात फक्त दोन आकडे बसत होते आणि तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. ते मी मुद्दाम केलं होतं. मामांनी टॅबलेट उलटासुलटा करून बघितला.

"यात हिरवं कुठं हाय?"

शेवटी 'इतर नोंद' म्हणून एक रकाना होता. तो दाखवून मी सुटका करून घेतली.

महिन्याभरात सगळ्या गावांचा डेटा आला. मी कोर्समध्ये शिकवल्यासारखा तो साफ करायला घेतला. जे रकाने लागणार नाहीत ते आधी काढून टाका, असं शिकवलं होतं. 'इतर नोंद' मी काढून टाकला, कारण तो सगळा मराठीत लिहिलेला मजकूर, त्याचं गणितात काय करणार. मग वयाचा रकाना. त्यात एका गावाच्या अडतीस बायकांपुढे नव्व्याण्णव लिहिलं होतं. सगळ्या मामांनी भरलेल्या. जुन्या सर्वेक्षणवाल्यांची ती सवय असते हे मला पुस्तकातून माहीत होतं. उत्तर मिळालं नाही की नव्व्याण्णव. म्हणजे रिकामे रकाने. म्हणजे मधलं वय.

एक ओळ. अडतीस बायका एकेचाळीस वर्षांच्या झाल्या.

आलेख सुंदर झाला. मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून म्हणाल्या, "किती क्लीन आहे. असं काम आपल्याकडे आजवर झालं नाही." माझं कौतुक झालं की मला कुठे बघावं कळत नाही, म्हणून मी स्क्रीनकडेच बघत राहिले. ते गाव यादीत खाली गेलं होतं. तिथे म्हाताऱ्या बायका जवळजवळ नव्हत्याच.

मामाही येऊन बघून गेले. आलेखातल्या त्या एका उंच खांबावर त्यांनी बोट ठेवलं.

"एकेचालीसच्या बायका जाम झाल्या गावात," ते म्हणाले आणि हसले.

मला वाटलं, टोमणा. त्यांच्या टोमण्यांना मी उत्तर देत नसे.

अहवाल सोमवारी जायचा होता. शुक्रवारी सकाळी मॅडम म्हणाल्या, मुखपृष्ठावर जो फोटो आहे त्याच्याखाली त्या बाईंचं नाव आणि वय टाक. फोटो ड्रायव्हरने काढलेला. गुडघ्यापर्यंत चिखलात उभी असलेली एक आजी, कमरेला टोपली, नऊवारी वर खोचलेली, तोंडात एकही दात नाही आणि पूर्ण तोंड उघडून हसते आहे. माझ्या आईच्या आईहून मोठी. मी फाइलमध्ये नाव शोधलं. नावापुढे वय होतं एकेचाळीस.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे आणि त्या दात नसलेल्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. मग साफ न केलेली मूळ फाइल उघडली. नव्व्याण्णव. आणि मी काढून टाकलेल्या रकान्यात मामांनी लिहिलेलं: मिठागर बंद झालं त्या साली थोरल्याचं लगीन. वय विचारायचं बाकी.

खाली आणखी सदतीस. गल्लीत बत्ती आली तेव्हा नवी नवरी. विचारायचं बाकी. खाडीवर पूल झाला तेव्हा दोन पोरं. विचारायचं बाकी. सगळीकडे विचारायचं बाकी.

मी मेसेज केला. 'त्या अडतीस बायकांची वयं राहिली आहेत हे तुम्ही मला सांगितलं का नाही?'

सहा फुटांवर फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून वाचला.

"सांगितलं की. एकेचालीसच्या बायका जाम झाल्या, बोललो ना."

"ते सांगणं नव्हतं," मी म्हणाले. "गंमत होती ती."

"तू उलट विचारलं असतं का असं कसं, तर सांगितलं असतं."

या माणसाशी काय बोलावं. मी पुन्हा टाइप करायला लागले आणि मध्येच थांबले. सोमवारला तीन दिवस होते. मी सरळ मुद्द्यावर आले. तुम्हाला या बायका माहीत आहेत, तुम्हाला ती सालं माहीत आहेत, तर आत्ता बसून अंदाजाने वयं सांगा, मी भरते. त्या आजींच्या मुलाच्या लग्नाचं साल तरी तुम्हाला ठाऊक असेलच.

"ठाऊक हाय. जेवलोय मी त्या लग्नात."

"मग?"

"मंग काय? लग्न लेकाचं. तिचं वय त्यात कुठं हाय? मी अंदाज लावला तर तो माझा. मशीननं लावला तर मशीनचा. तिचा कुठला?"

"मग तिथे गेला होतात तेव्हाच का नाही विचारलं?"

त्यांनी खिशातली तिन्ही पेनं काढली, टेबलावर ओळीत लावली, पुन्हा खिशात घातली. पार्टिशनपलीकडून ड्रायव्हर हसला.

"कसे विचारतील," तो म्हणाला, "सासुरवाडी आहे मामांची ती."

तेव्हा मला सगळं कळलं. त्या गावात ते सर्वेक्षणवाले नव्हते, जावई होते. एका घराचे नाही, अख्ख्या गावाचे. जावई दारात आला की म्हाताऱ्या बायका पदर पुढे घेऊन आत जातात आणि चौकटीआडून बोलतात. चहा येतो, निवट्यांचं कालवण येतं. चिखलात किती वेळ उभ्या राहता, गुडघा कधी धरतो, हे सुनांकडून कळतं. पण जावयाने सासूच्या वयाच्या बाईला वय विचारायचं नसतं आणि तिने सांगायचं नसतं. मामा अडतीस दारांत प्रश्न घेऊन गेले होते आणि अडतीस दारांतून जेवून परत आले होते.

"मग ते गाव दुसऱ्या कोणाला द्या, असं मॅडमना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुमी सगल्यांनी हसून घेतलं असतं." ते खिडकीकडे बघत होते. "मला वाटलं, आकडे तुझ्याकडं जातील. नव्व्यान्नव बघून तू विचारशील."

म्हणजे गेला महिनाभर आम्ही दोघं सहा फुटांवर बसून होतो आणि कोणीच कोणाला काही विचारलं नव्हतं. आणि त्यात ते आजवर मलाच नावं ठेवत आले होते. मला संताप आला. मी मॅडमच्या खोलीत गेले. मेसेज केला नाही, कारण हे मेसेजमध्ये मावत नव्हतं. मॅडमनी आधी आलेखाकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"आत्ता सांगतेस? शुक्रवारी?"

"हो."

"मधलं वय टाकायला तुला कोर्समध्ये शिकवलं होतं ना?"

"हो. पण तिथली माणसं मेलेली होती," मी म्हणाले. मॅडमना ते कळलं नाही आणि मला समजावून सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, शनिवार आणि रविवार, गाडी घेऊन जा, सोमवारी सकाळी मला फाइल हवी.

शनिवारी मामा गावच्या फाट्यापर्यंतच आले. तिथे ट्रेलर उभे असतात, त्यांच्या सावलीत एक चहाची टपरी आहे. तिथल्या बाकावर ते गावाकडे पाठ करून बसले.

"मी आलो का पदर येतील," ते म्हणाले. "तू जा. पयलं घर डाव्या हाताला, निळं दार."

"मला नाही जमणार."

"ठाऊक हाय," ते म्हणाले आणि खिशातलं हिरवं पेन काढून माझ्या हातात दिलं. धीर द्यायची ही काय पद्धत.

गल्लीत कोंबड्या होत्या आणि वाळत घातलेली जाळी. निळं दार उघडंच होतं. ओटीवर फोटोतल्या आजी बसल्या होत्या. मांडीशी कालवांचा ढीग, हातात लोखंडी कोयता. एक टोला, शिंपला उघडा, बोटाने गर वाटीत. माझ्याकडे त्यांनी वर बघितलं नाही.

"काय पायजे?"

आम्ही एक अभ्यास करत आहोत, हे वाक्य तोंडाशी आलं. त्याचं उत्तर मला माहीत होतं. मी फोन काढला आणि मामांना मेसेज केला, 'तुम्ही या ना फक्त पाच मिनिटं.' दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. मला दिसत नव्हतं, पण ते तिकडे तो मेसेज टपरीवाल्याला मोठ्याने वाचून दाखवत असणार याची मला खात्री होती.

आजींनी आणखी एक टोला घातला. मग दुसरा. शिंपल्याचा एक तुकडा उडून माझ्या चपलेपाशी पडला. त्यांच्या पायाला फडकं बांधलेलं होतं आणि ते टाचेकडून लाल झालं होतं.

मी फोन पिशवीत टाकला. टॅबलेट तसाच आत राहू दिला. चप्पल काढली, ओटीवर चढले आणि कोणी बस म्हणायच्या आत त्यांच्यासमोर, कालवांच्या ढिगापलीकडे, मांडी घालून बसले. आता त्यांनी वर बघितलं. माझ्या मागे, गल्लीच्या तोंडाकडे, मामा येत आहेत का ते बघितलं, आणि पदराकडे हात नेला.

"पदर राहू द्या आजी, तुमचे जावई फाट्यावर बसलेत, त्यांना काही ऐकू जाणार नाही," मी म्हणाले. "थोरला झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?"